सोडल्याचे दाखले

इंग्रजीतलं 'लीव्ह' हे क्रियापद आमच्या घरी आलं ते सही-शिक्क्यासकट, एलसीच्या रूपानं. दादा, म्हणजे माझे वडील, बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होते. जून उजाडला की सातवी झालेल्या पोरांचे बाप टोपी सारखी करत ऑफिसच्या दारात उभे राहायचे. "गुर्जी, एलसी पायजे." फॉर्मवर 'शाळा सोडल्याचा दाखला' असं ठळक छापलेलं असायचं, पण त्या नावानं तो कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. ज्याला एबीसीडीही येत नव्हती तोही एलसीच म्हणायचा.

दादा दाखला निबाच्या पेनानं लिहीत. जनरल रजिस्टरचा क्रमांक, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक. वर्तणूक सरसकट 'चांगली'. खिडकीची काच फोडलेल्या पोराचीही चांगलीच. शेवटी एक रकाना असे, शाळा सोडल्याचं कारण. तिथं दादा दोनच गोष्टी लिहायचे, 'पुढील शिक्षणासाठी' किंवा 'पालकांच्या अर्जावरून'. सातवीनंतर लग्न ठरलेल्या मुलीची एलसी कुणी काढायला आलंच, तर तिच्याही रकान्यात 'पालकांच्या अर्जावरून' एवढंच. लिहून झालं की दादा टीपकागद जरा जास्तच वेळ दाबून धरत.

पण आमच्या भागात बरीच पोरं दाखल्याशिवायच जायची. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक गावात येत. उचल आधीच खर्चून बसलेली असे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा; मागं सांभाळायला म्हातारी नसेल तर पोरंही भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकमध्ये. सांगली, कोल्हापूर, कुणी थेट कर्नाटकात. पुढं साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. माझ्या लहानपणी यातलं काही आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. हजेरीपटावर त्या पोरांच्या नावापुढं मार्च-एप्रिलपर्यंत गैरहजेरीच्या खुणा पडत जायच्या. दादा नाव कमी करत नसत. म्हणायचे, "राहू दे, येतील." काही यायची, काही कोयता धरायच्या वयाची होऊनच यायची. कागदावर ज्यांनी शाळा सोडली ती पुढं शिकायला गेली होती, आणि ज्यांची खरोखर सुटली ती कागदावर अजून वर्गातच बसलेली होती.

खुद्द दादांच्या एलसीवरची जन्मतारीख होती एक जून. माझी आजी सांगायची, हा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. शाळेत घालताना तिथल्या गुरुजींनी वय भरावं म्हणून एक जून ठोकून दिली. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या निम्म्या ओळखीच्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी का येतो, हे त्यामुळे मला कधी विचारावं लागलं नाही. या तारखेचा हिशेब मात्र नोकरीच्या शेवटी झाला. ज्याची जन्मतारीख महिन्याची एक असते तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम. म्हणजे एकतीस मे. भर उन्हाळी सुट्टीत! दादा रिकाम्या शाळेत चार्ज देऊन आले. कुलपाची किल्ली, जनरल रजिस्टर, शिक्का. पोळ्यापर्यंतचा पगार एका अनोळखी गुरुजींच्या सोयीपायी बुडाला, तरी दादांनी त्यांना बोल लावला नाही. आपणही किती पोरांच्या नावापुढं एक जून लिहिली, हे त्यांना ठाऊक होतं.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० सालचं, आमच्यानंतरचं. 'लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट' असं चालीवर घोकताना 'लिव्ह' म्हणजे राहणं आणि 'लीव्ह' म्हणजे जाणं, फरक फक्त वेलांटीचा, असं इंग्रजीच्या बाई फळ्यावर मराठीत लिहून दाखवायच्या. ऱ्हस्व काढली तर माणूस राहतो, दीर्घ काढली की निघतो. पुढं आणखी एक मेख होती. 'लीव्ह पुणे' म्हटलं तर पुणं सोडलं. मध्ये एक 'फॉर' घातला की पुण्याकडं निघालो. त्या 'फॉर'नं आमच्या वर्गातल्या अनेकांना वर्षभर रस्त्यात उभं ठेवलं.

या शब्दाचं कूळ मी फार उशिरा, मुंबईत नोकरीला लागल्यावर, ऑफिसच्या ग्रंथालयातल्या जाडजूड कोशात पाहिलं. एका रूपाआड तिथं दोन निराळे शब्द निघाले. क्रियापद एक, आणि रजा या अर्थाचं नाम दुसरं. मुळं वेगवेगळी, उच्चार झिजत झिजत एक झालेला. नामाचा मूळ अर्थ परवानगी. क्रियापदाचं मूळ त्याहून चमत्कारिक, राहू देणं, मागे ठेवणं. जर्मनमधलं 'ब्लायबेन', म्हणजे राहणं, हे त्याचंच भावंड. २०१६ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये सार्वमताच्या कागदावर 'रिमेन' आणि 'लीव्ह' समोरासमोर छापले गेले, तेव्हा मला त्या कोशाची आठवण झाली. (आपण १९४२ साली त्यांना सांगितलं तेव्हा 'लीव्ह' वापरलं नव्हतं. 'क्विट' म्हटलं. ही घोषणा दिल्याचं श्रेय ज्यांना देतात ते युसुफ मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते. शब्दाचं वजन त्यांना बरोबर कळलं होतं. 'लीव्ह'मध्ये अदब फार.)

ही अदब कुठून आली ते सरकारी नोकरीत कळतं. आपली 'रजा' अरबी-फारसीतून आली आणि तिचाही अर्थ मुळात मर्जी, संमती. म्हणजे मोगलाईचा असो की कंपनीचा, साहेबानं हो म्हटल्याशिवाय हलायचं नाही, यावर दोन्ही दरबारांचं एकमत. आमच्या आस्थापना शाखेत माझं पहिलं टेबल रजेचंच होतं. किरकोळ रजा वर्षाला आठ, अर्जित रजा जानेवारी-जुलैत पंधरा-पंधरा जमा, अर्धवेतनी, परावर्तित, असाधारण. १९८१ च्या रजा नियमांची ती पुस्तिका मी तेव्हा पोथीसारखी वाचली. अर्जांची भाषा ठरलेली आणि शेवटचं वाक्यही: रजेच्या कालावधीत मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. नुसती रजा मंजूर होऊन भागत नाही. घरी बसायला एक मंजुरी, गावाला जायला दुसरी! आमचे एक शिपाई वडील गेल्याची तार येताच निघाले आणि तेराव्यानंतर परत आल्यावर हे वाक्य असलेला अर्ज मागच्या तारखेनं लिहून दिला. 'परवानगी मिळावी' असंच लिहिलं. मी तो पुढं पाठवला, मंजूरही झाला. अडवण्यासाठी नियम दाखवणारे आमच्याकडं होतेच, पण त्या अर्जावर कुणी शेरा मारला नाही.

मुंबईत सरकारी क्वार्टरची यादी हलेना, म्हणून मग 'लीव्ह अँड लायसन्स'शी गाठ पडली. हा शब्दप्रयोग मुंबईकर इतक्या सहज तोंडात खेळवतो की त्यात दोनदा परवानगीच मागितली आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याची मुळं १९४७ च्या भाडे कायद्यात आहेत. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरांशी बांधली गेली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. गिरगाव-परळच्या चाळींत खोली मिळालेला माणूस तिथून हलणार नव्हता, आणि खोली दिलेला मालक पुन्हा देणार नव्हता. त्यातून पळवाट निघाली, भाड्यानं न देता नुसतं 'राहू द्यायचं'. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात लायसन्सची व्याख्याच अशी आहे की, परवानगी नसती तर जे बेकायदा ठरलं असतं ते दुसऱ्याच्या जागेत करू देणं. म्हणजे मी त्या खोलीत चहा करत होते ते कुणाच्या तरी मेहेरबानीनं. मग १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारीला जे असे राहत होते ते एका फटक्यात भाडेकरू ठरले, संरक्षणासकट. मालकांनी त्याचा जो धसका घेतला तो मी पुढं कित्येक वर्षांनी अनुभवला.

करार अकरा महिन्यांचा. भाडं हा शब्द कागदावर नको, 'कॉम्पेन्सेशन' म्हणायचं. ताबा आपलाच हे दिसावं म्हणून आमच्या पहिल्या मालकांनी आतल्या खोलीत एक कुलूपबंद कपाट ठेवलं होतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी येऊन ते उघडून बंद करून जात. आत काय आहे ते दिसलं नाही. त्यांच्या पत्नी मला 'बेटा' म्हणायच्या, उपासाला खिचडी पाठवायच्या आणि दहाव्या महिन्यात न चुकता विचारायच्या, "मग, दुसरीकडं पाहताय ना?" त्यांचा राग नव्हता, त्यांना भीती होती. टेम्पो, ब्रोकरचा एक महिना, गॅसचा पत्ता बदलणं. मुलीच्या शाळेत दर वेळी नवा पत्ता देताना क्लार्क माझ्याकडं बघायची.

नवा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला ३१ मार्च २००० ला. मुदत संपूनही जो जागा सोडत नाही त्याला दुप्पट रक्कम मोजावी लागते, आणि करार नोंदवणं सक्तीचं. मालकांची भीती त्यानं बरीच उतरली. आता करार साठ महिन्यांपर्यंत होतात. सध्या नोंदणी घरबसल्या होते. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, डायनिंग टेबलवर मांडतो, तुमचा फोटो काढतो. माझी मुलगी ठाण्यात अशाच करारावर राहते. तिला घर सोडावं लागण्याचं काही वाटत नाही. नवं बघू म्हणते. तिच्या पिढीला हे क्रियापद हलकं झालंय, आणि मला ते बरं वाटतं.

ऑफिस सुटलं, रजा शिलकीतली वटवून घेतली. आता हा शब्द भेटतो तो मोबाईलवर. आमच्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. तिथं मराठीनं त्याचं स्वतःचं रूप करून टाकलंय, 'लेफ्ट झाला'. २०२२ पासून ग्रुप सोडणाऱ्याची दवंडी सगळ्यांसमोर पिटली जात नाही, फक्त ॲडमिनला कळतं. पण आमचा ॲडमिन निवृत्त केंद्रप्रमुख आहे, त्याला ही सोय मान्य नाही. तो लगेच जाहीर करतो, अमुक सदस्य लेफ्ट झाले आहेत, त्यांनी कारण कळवावे. कराडकडं ट्रान्सपोर्टचा धंदा असलेला आमचा एक मित्र सकाळच्या गुलाबाच्या फोटोंना कंटाळून अधूनमधून बाहेर पडतो. कारण कळवत नाही. ॲडमिन त्याला फोन करून शिव्या घालतो, आणि संध्याकाळी तो परत ग्रुपमध्ये असतो.