आठपर्यंत

रिंगमध्ये मुलगी पडली की मी आधी तिचे पाय बघते. डोळे नंतर. मार बसल्यावर डोळे मोठे करून ‘मी ठीक आहे’ असं भासवायची युक्ती प्रत्येक बॉक्सरला येते, मलाही यायची. घोट्याला मात्र अभिनय जमत नाही. उठताना टाच टेकते का, गुडघा आत झुकतो का, पहिलं पाऊल कुठे पडतं, एवढ्यावरून अर्धा निर्णय होतो. उरलेला अर्धा ती हात पुन्हा गालाशी घेते का, यावर.

हे सगळं बघायला रेफ्रीला आठ आकडे मिळतात. पडल्यावर एक सेकंद जाऊ द्यायचा, मग ‘वन’. तोंडाने म्हणायचं आणि बोटांनीही दाखवायचं, कारण कानात घूं घूं चालू असेल तर आवाज पोचत नाही. त्याआधी दुसरीला न्यूट्रल कॉर्नरला पिटाळायचं. ती जायला तयार नसेल तर ती जाईपर्यंत मोजणी थांबवायची. पडलेली मुलगी ‘थ्री’लाच उठली तरी ‘एट’पर्यंत मोजायचंच, त्यात सूट नाही. आडवं पडणं हेच काही पडणं नव्हे. दोरावर रेललेली किंवा उभ्या उभ्या नुसती झेलत राहिलेली मुलगीही आमच्या हिशेबी मोजणीला पात्र असते. प्रेक्षकांना ही मोजणी म्हणजे शिक्षा वाटते. खरं तर ती तपासणी असते. पास झाली तर ‘बॉक्स’, म्हणजे लढत पुन्हा सुरू.

मी कल्याणजवळच्या आंबिवलीची. लहानपणी आमची घड्याळं एनआरसी कंपनीच्या भोंग्यावर चालायची. कंपनी 2009 साली बंद पडली, पण मी हातमोजे घातले ते त्याच्या सात वर्षं आधी. मेरी कोमने 2001 मध्ये अमेरिकेत स्क्रँटनला झालेल्या महिलांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत रौप्य आणि पुढच्या वर्षी तुर्कस्तानात सुवर्ण मिळवलं, त्याची पेपरात आलेली चार ओळींची बातमी बाबांनी मला वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “बघ, आपल्यापेक्षाही बारीक आहे ही.” त्यांना बहुधा एवढंच म्हणायचं होतं. मी त्याचा भलताच अर्थ घेतला.

पहाटे उल्हास नदीच्या काठाने मोहन्यापर्यंत पळायचं आणि संध्याकाळी लोकलने शहाड ओलांडून कल्याणला जायचं. तिथे कुस्तीच्या जुन्या तालमीत एका कोपऱ्याला पंचिंग बॅग टांगलेली होती. मुली आम्ही तिघी आणि हेडगार्ड एकच. त्याचा वास अजून नाकात आहे: घाम, खोबरेल तेल आणि आदल्या मुलीची भीती. केस आत कोंबायचे, पण पिन लावायची नाही. धातूला परवानगी नसते. हातांना बँडेज बांधायला तिथल्या सरांनी एकदाच शिकवलं. नंतर सैल बांधलं गेलं की ते काही बोलायचे नाहीत, फक्त दहा मिनिटं जास्त बॅगवर ठेवायचे.

आईला खेळापेक्षा कपड्यांची चिंता. शॉर्ट्सवर दुपट्टा गुंडाळून मी स्टेशन गाठायची. पुढे 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने महिला बॉक्सरांनी स्कर्ट घालावा अशी टूम काढली, म्हणे टीव्हीवर बायका कोण ते ओळखू यावं! जगभर बोंब झाली आणि शेवटी तो ऐच्छिक ठरला. आईला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे त्यांच्यातही माझ्यासारख्या आया आहेत तर.” गर्भवती नसल्याचा फॉर्म हाही असाच प्रकार. खेळण्याआधी प्रत्येकीने त्यावर सही करायची, अठराच्या आतली असेल तर पालकांनी. नियम सुरक्षेचा आहे आणि योग्यच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईपुढे तो कागद ठेवणं हे अपरकट झेलण्याइतकंच अवघड काम आहे. आता ते माझ्याकडे असतं.

2007 मध्ये एका राज्यस्तरीय बाऊटमध्ये दुसऱ्या फेरीत रेफ्रीने मला थांबवलं. मी उभी होते. हात वर होते. ‘स्टॉप’ म्हणून त्यांनी मला कवेत घेतलं तेव्हा मी त्यांचा हात झटकला, निकालाच्या वेळीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडीत घरापर्यंत मी त्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबिवली स्टेशनच्या जिन्यावर माझी पायरी चुकली. चार पायऱ्यांनंतर पुन्हा चुकली. कठड्याला धरून उभी राहिले आणि त्या माणसाने काय पाहिलं असेल ते लक्षात आलं. डोक्याच्या मारामुळे बाऊट थांबवली गेली की किमान तीस दिवस सरावातसुद्धा स्पारिंग बंद असतं. ते तीस दिवस मी इमानदारीने पाळले. नंतर एक वर्ष खेळले आणि मग पंचपरीक्षेला बसले.

हेडगार्ड असतो की, असं पालक म्हणतात. त्यांना मी नारळाचं उदाहरण देते. करवंटीवर कितीही कापड गुंडाळा, नारळ हलवला की आतलं पाणी हलणारच. हेडगार्ड कातडी फाटू देत नाही. मेंदू कवटीवर आपटायचा तो आपटतोच. पुरुषांचा हेडगार्ड 2013 मध्ये निघाला, आमचा राहिला. बायकांच्या फेऱ्याही लंडन ऑलिंपिकमध्ये दोन मिनिटांच्या चार होत्या, 2017 पासून त्या पुरुषांसारख्या तीन मिनिटांच्या तीन झाल्या. तिसऱ्या मिनिटाला हात खाली येतात. रेफ्रीचे डोळे तिथे लागतात.

गुणांचा प्रश्न आणखी नाजूक. सोल ऑलिंपिकमध्ये 1988 साली उघड उघड जिंकत असलेल्या रॉय जोन्सला गुणांवर हरवलं गेलं, ते पाहून सगळ्यांची लाज गेली आणि बटणांची पद्धत आली: पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. बोटांची चपळाई वाढली, खेळ मात्र तलवारबाजीसारखा ठोका आणि पळा असा झाला. आता प्रत्येक फेरीत जिंकणारीला दहा गुण, हरणारीला नऊ, फारच मागे पडली तर आठ. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधल्या वादग्रस्त निकालांनंतर तर त्या स्पर्धेतले छत्तीसही पंच बाजूला बसवले गेले. हे मी नव्या पंचांना मुद्दाम सांगते. तुमच्या कानावर टाळ्या पडतील, पण टाळ्या हातमोजा कुठे लागला ते बघून वाजत नाहीत. दंडावर बसलेला ठोसा हॉलभर घुमतो. बरगडीत नेमका बसलेला जॅब फक्त तिला आणि तुम्हाला कळतो.

नागपूरच्या अल्फिया पठाणने 2021 मध्ये पोलंडमध्ये आणि पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये स्पेनमध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्याच्या स्पर्धांना मुलींची रांग लागते. पंच मात्र वाढत नाहीत. कोलकात्याच्या रझिया शबनम यांनी देशात बायकांसाठी ही वाट पाडली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मी रिंगमध्ये चढले की कुणीतरी विचारायचंच, “मॅडम, रेफ्री कुठे आहेत?”

रेफ्रीला चष्मा चालत नाही. मला तो लागला आणि लेन्स काही सहन होईना, म्हणून मी खाली पंचांच्या टेबलावर आले. गेल्या मोसमात एका स्पर्धेत यादी हातात आली तर निळ्या कॉर्नरला मोहन्याची मुलगी. तिला मी दोन वर्षं बँडेज बांधायला शिकवलंय. मी यादी परत दिली, बदली पंच मागितला आणि हॉलबाहेर पाण्याच्या ड्रमपाशी जाऊन बसले. दार कुणीतरी ओढून घेतलं होतं. घंटा ऐकू आली, मग आरडाओरडा, मग एकदम शांतता.

“वन.”

आवाज रेफ्रीचा होता. कोण पडलंय ते कळायला मार्ग नव्हता. माझी बोटं मांडीवर आपोआप उघडत गेली. फाइव्ह. सिक्स. कुणीतरी “ऊठ गं!” म्हणून किंचाळलं, दोघींनाही लागू पडेल असं. सेव्हन. एट.

मग “बॉक्स” ऐकू आलं.