उरणची शेळी आणि घरचा साबण

उरणला आता थेट लोकल जाते. जानेवारी 2024 मध्ये ती सुरू झाली. पण मावशीकडे जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच, ही आमची जुनी सवय. यंदाही आम्ही दोघे तसेच निघालो. न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसू लागल्या की उरण जवळ आले समजायचे.

हे बंदर 1989 साली सुरू झाले. त्याआधी या बाजूला भातशेती आणि मिठागरे होती. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथले शेतकरी लढले. जानेवारी 1984 मधील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पण ज्यांच्या नावे सातबाराच नव्हता, त्यांची मालमत्ता म्हणजे दारातली शेळी. मावशीच्या दारात अशा तीन आहेत.

"जय भीम! या, आधी हातपाय धुवा," म्हणत मावशीने पांढरी वडी हातात दिली. सूनबाईंनी शेळीच्या दुधाचा साबण घरीच केला होता. फेस छान, हातही मऊ राहिले.

पहिला घाणा मात्र फसला होता. जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक सोडा घातला, तो फसफसून वर आला आणि भांडे खराब झाले. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. ते कॉस्टिक खाते आणि त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. पोरे अंगणात होती म्हणून निभावले.

आताची रीत अशी. शुद्ध खोबरेल तेल 500 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 78 ग्रॅम, शेळीचे दूध 170 ग्रॅम. सगळे काट्यावर तोलायचे, अंदाज चालत नाही. तेल बदलले तर सोड्याचे प्रमाणही बदलते. दूध आदल्या रात्री गोठवायचे. स्टीलच्या पातेल्यात त्या बर्फावर सोडा थोडा थोडा टाकत ढवळायचे. दूध तापले तर त्यातली साखर करपून साबण तपकिरी होतो. सोडा पुरता विरघळला की ते कोमट तेलात ओतून दाट होईपर्यंत घोटायचे आणि साच्यात घालायचे. बारा तासांनी वड्या कापून महिनाभर वाऱ्यावर ठेवायच्या. हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी, मुले बाहेर. अंगावर उडाले तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे. डोळ्यात गेले तर आधी भरपूर धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

आणि एक. हा साबण आहे, औषध नव्हे. खरूज, नायट्याला डॉक्टरच दाखवावा.

सूनबाईंना हा साबण बचत गटातर्फे विकायचा होता. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून निघेल, अशी आशा. त्यांनी वहीत किंमत काढली होती: तेल, सोडा, कागद. आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. विचारले, "दुधाचे पैसे कुठे आहेत? आणि तुमच्या मेहनतीचे?"

"दूध घरचेच की, भावोजी. आणि मी काय, घरचीच!"

आम्ही दूध आणि मजुरी धरून पुन्हा बेरीज केली. वडीची किंमत दुपटीच्या जवळ गेली. सूनबाई गप्प झाल्या. "एवढ्याला कोण घेईल?" विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवानाही लागतो, हेही आम्ही सांगितले. आमचाही जीव खट्टू झाला. पण गटाचे कर्ज काढण्याआधी हे कळले, ते बरे झाले. आधी घरापुरता करावा, गटातल्या बायांनी मिळून परवान्याची चौकशी करावी, मग पुढचे पाऊल, असे ठरले.

भगिनींनो, शेळीपालन असो, शिवणकाम असो की पापड, वहीत आपल्या श्रमाचा रकाना आधी आखा. घरचे ते फुकट नव्हे.

निघताना मावशीने दोन वड्या पिशवीत घातल्या. सौ.ने शेळ्यांच्या पेंडीसाठी म्हणून पैसे पुढे केले. मावशी घेईना. तेव्हा सूनबाईंनीच हात पुढे केला आणि वही उघडून "दूध" या शब्दापुढे ती रक्कम लिहिली.