संदकफूची म्हातारी

जुन्या गाडीविषयी प्रत्येक घरात दोन मते असतात. नवरा म्हणतो, "अजून दहा वर्षे तिला काही होत नाही." बायको म्हणते, "तिला होत नाही, होते ते आपल्याला!" या वादाचा निवाडा करायचा असेल, तर दार्जिलिंगहून मानेभंजांगला जावे.

मानेभंजांग हे नेपाळच्या सरहद्दीवरचे छोटे गाव. येथून संदकफूचा माथा 31 किलोमीटर. त्याची उंची 3,636 मीटर. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. एवढ्याशा अंतरात वाट साधारण 1,700 मीटर चढते. पिढ्यान् पिढ्या ही चढण चढणाऱ्या लँड रोव्हर गाड्या गावात ओळीने उभ्या असतात. पुष्कळशा 1950 च्या दशकातल्या; चहामळ्यांच्या इंग्रज साहेबांनी मागे ठेवलेल्या, असे गावकरी सांगतात.

ही गाडी 1948 साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. गरिबीत शोधलेली ही युक्ती हिमालयाच्या ओल्या हवेत वरदान ठरली. पत्रा गंजला नाही. शिवाय चारही चाकांना जोर, आणि अवघड चढासाठी गिअरांची आणखी एक संथ जोडी.

आमचे चालक साठीचे होते. आम्ही त्यांना दाजू म्हणू लागलो. नेपाळीत थोरल्या भावाला तसे म्हणतात. गैरीबासच्या पुढे गाडीने आचके दिले आणि ती थांबली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. दाजू शांतपणे उतरले, बोनेट उघडले, पान्ह्याने एक नट सैल केला आणि हाताने डिझेलचा पंप मारत राहिले. नळीत शिरलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली, नट आवळला, गाडी सुरू! दहा मिनिटेही लागली नाहीत.

"दाजू, हिच्यातले मूळचे काय उरले आहे?" मी विचारले.

"सांगाडा आणि अंग," ते हसून म्हणाले. "इंजिन महिंद्राचे. बाकी मिळेल ते."

अलीकडे रस्त्याच्या बऱ्याच भागावर काँक्रीट पडले आहे आणि नव्या बोलेरोही वर जाऊ लागल्या आहेत. दाजूंना त्याचे वाईट वाटत असेल, असा माझा शहरी तर्क.

"रस्ता व्हायलाच हवा, सर," ते म्हणाले. "आई आजारी पडली, तेव्हा याच गाडीतून तिला खाली आणले. गाडी कुठे अडली नाही. पण दर धक्क्याला आई कण्हत होती."

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून सांगितले, "मुलाला बोलेरो घ्यायची आहे. त्यासाठी हिला विकावे लागेल. शौकीन गिऱ्हाईक मिळेल. नेऊन बंगल्यापुढे उभी करील."

मुलाचेही चुकत नाही. त्याला संसार करायचा आहे. पण मला वाटले, गाडी विश्वासाची आहे असे आपण म्हणतो, त्यातला निम्मा विश्वास तिच्या मालकाचा असतो. कोणत्या आवाजाला घाबरायचे आणि कोणत्याकडे दुर्लक्ष करायचे, हे दाजूंना ठाऊक होते. गिऱ्हाइकाच्या हाती गाडी पडेल; हे ज्ञान कसे पडणार?

बिखेभंजांगनंतरची शेवटची चढण म्हातारीने संथपणे, पण न थांबता काढली. सकाळी एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा एकाच नजरेत दिसली. दाजू मात्र त्यांच्याकडे पाठ करून गाडीचे पाणी तपासत होते.

दिवाळीच्या सुमारास तिकडचे आकाश निवळते. जाणार असाल, तर बोलेरोची मऊ बैठक एक वेळ सोडा. कंबर दुखेल, वेळ लागेल. पण म्हातारी आणि तिचा दाजू अजून एकत्र आहेत, तोवर जाऊन या.