ओसरीवरचा पिंजरा

तात्यापारा, रायपूर

चि. मुक्ता,


न्यूझीलंडमधल्या आर्थर्स पासचा तुझा फोटो आजीला दाखवला. गाडीच्या काचेचं रबर उपटणारा तो हिरवट किया पोपट बघून ती खूप हसली. मग तुझा प्रश्न वाचून दाखवला: ओसरीवरचा रिकामा पिंजरा अजून का ठेवलाय? त्यावर मात्र ती गप्प झाली. म्हणून मीच लिहिते.

त्या पिंजऱ्यात बस्तरची पहाडी मैना होती. आबांना कुणी तरी जगदलपूरहून आणून दिलेली. काळीभोर, नारिंगी चोच, मानेशी पिवळ्या कातडीचे पट्टे. आबांच्या खोकल्यासकट सगळं घर ती बोलायची. आजीच्या आवाजात ‘चहा झाला’ म्हणायची आणि आबा आत जायचे. आम्हाला वाटायचं, तिला आपला किती लळा!

पुढे कांगेर घाटीच्या राष्ट्रीय उद्यानात गेले, तेव्हा खरं काय ते कळलं. रानात ही मैना दुसऱ्या जातीच्या पक्ष्याची नक्कल करत नाही. ती आसपासच्या मैनांकडून आवाज शिकते. नर नरांकडून, मादी माद्यांकडून. थोडं दूर गेलं की त्यांची बोली बदलते. आपल्या मैनेला शिकायला तिच्या जातीचं कुणीच नव्हतं. होतो ते आपण. ती लळ्याने बोलत नव्हती, शेजार शोधत होती.

सालवृक्षाच्या वाळक्या खोडातली, सुतारपक्ष्याने कोरलेली ढोली हे तिचं घर. अंडी दोन-तीनच. पिल्लांसाठी ढोली फोडली की पुढची वीणही गेली. आज ती छत्तीसगडचा राज्यपक्षी आहे. जगदलपूरला पिंजऱ्यात तिची वीण वाढवायचा प्रयत्न झाला, पण नर-मादी दिसायला सारखीच, जोडी जुळवणंच अवघड. आता कांगेरच्या गावांतली तरुण मुलं ‘मैना मित्र’ म्हणून रानातल्या ढोल्यांवर नजर ठेवतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

तुझ्या कियाचं दुःख वेगळं, पण तेही माणसाच्या शेजाराचंच. मेंढ्यांना इजा करतो म्हणून 1860 च्या दशकापासून 1970 पर्यंत त्याच्या चोचीवर बक्षीस होतं. दीड लाखांच्या आसपास मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळालं 1986 मध्ये. आता उरलेत तीन ते सात हजार. घरटं जमिनीवर, मुळांखाली किंवा खडकांच्या कपारीत. मादी तिथे अंड्यांवर बसून असते आणि माणसाने आणलेला स्टोट हा छोटा शिकारी प्राणी थेट आत शिरतो. शिवाय जुन्या छपरांवरचे शिशाचे खिळे आणि पत्रे तो कुतूहलाने चघळतो, ते विष अंगात भिनतं.

म्हणून, बाळा, त्याला बिस्कीट टाकू नकोस. खाऊच्या आशेने तो रस्त्यावर, छपरांवर, माणसांत रेंगाळायला शिकतो आणि तिथेच मरतो. आपण मैनेला रोज पेरू भरवायचो, तेही प्रेमानेच.

मैना गेली त्या दिवशी आबांनी पिंजऱ्याचं दार तारेने उघडं बांधून टाकलं आणि तो तसाच टांगून ठेवला. या घरात पुन्हा पक्षी आला नाही. आजी अजून रोज तो पुसते, पण ती तार सोडत नाही.

काचेचं रबर गेलं तर जाऊ दे. नवं बसवता येतं.

तुझी,
आत्या