जव्हार-मोखाड्याच्या शाळेत पायलीचा हिशेब

पालघर स्टेशनवरून जव्हारची एस.टी. सुटली की मनोर, विक्रमगड मागे टाकून गाडी चढणीला लागते. सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. त्यांचा जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा, हे पाहायला मुंबई-नाशिकची मंडळी मोटारीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. आम्हीही राजवाडा पाहिला. वाडा चांगला आहे. पण दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम गेलो होतो ते येथील शाळा पाहायला, आणि वाचकांना सांगायचे आहे तेही त्याबद्दलच.

त्याला कारण आहे. आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली डी.एड. करतात आणि पहिली नेमणूक अशाच दूरच्या पाड्यावर निघते. जव्हार-मोखाडा म्हटले की घरी आईच्या पोटात गोळा येतो. १९९२ साली वावर-वांगणीचे बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले, तेव्हापासून हे नाव भुकेशी जोडले गेले ते आजतागायत. वैतरणेचे पाणी येथूनच मुंबईला जाते आणि उन्हाळा लागला की येथल्याच बाया हंडा घेऊन दरीत उतरतात. हेही खरे आहे. पण तेवढेच मनात धरून गेलेला शिक्षक या मुलांकडे 'यांना काही येत नाही' अशाच नजरेने पाहू लागतो. घात तिथेच होतो.

जव्हारहून मोखाड्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना नागली-वरईची वरकस शेते कापून मोकळी झालेली, मध्येच कुडाची घरे, अंगणात सारवलेले खळे. या दोन तालुक्यांत दहातले नऊ लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. वारल्यांची बोली वेगळी, कोकणांची वेगळी, कातकऱ्यांची त्याहून वेगळी. आपण त्यांना सरसकट 'मराठीच बोलणारे' समजतो.

एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही अर्धा दिवस बसलो. पहिलीच्या वर्गात बाईंनी एक चित्र दाखवून पुस्तकी मराठीत विचारले, "चित्रात काय काय दिसते?" सगळी पोरे गप्प. आम्हाला वाटले, पाहुण्यांना बुजली. बाईंनी मग चौथीतल्या एका मुलीला हाक मारली. तिने तोच प्रश्न आपल्या बोलीत विचारला मात्र, आणि वर्गात एकच कलकलाट झाला! झाड कुठले, त्याला फळ कधी लागते, चित्रातला बैल कुणाच्या बैलासारखा आहे, सगळे बाहेर आले. बाई भराभर फळ्यावर लिहीत होत्या: एका बाजूला मुलांचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. त्यांच्या टेबलावर एक जाड वही होती. नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचे असे शब्द त्यांनी त्यात उतरवून ठेवले आहेत. सरकारी प्रशिक्षणात मिळालेल्या सगळ्या पुस्तिकांपेक्षा ही वही आम्हाला मोलाची वाटली.

यामागचे कारण साधे आहे. माणसाच्या मनाच्या ओंजळीत एका वेळी थोडेच मावते. अनोळखी शब्दाचा अर्थ काय, हे ताडण्यातच मुलाची ओंजळ भरली, तर अक्षर कुठे ठेवायचे? लहान मुलाचे शिक्षण त्याच्या मातृभाषेतून व्हावे, असे युनेस्कोच्या अहवालाने १९५३ सालीच सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी असे म्हटले आहे. पण कागद पाड्यावर पोचायला वेळ लागतो. आमच्या आज्यांची बोली 'अशुद्ध' म्हणून ज्यांनी हिणवली, त्यांचाच शब्द आता आमच्या शिकलेल्या मुलांच्या तोंडी वारल्याच्या पोरासाठी यावा काय? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला लिहिले होते की, शक्यतो शेतकरी वर्गातलेच शिक्षक तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. आपल्या घरचे शिक्षक पाड्यावर जातात तेव्हा हे आठवावे.

आणि हे काम याच जिल्ह्यात पूर्वी झालेले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. मुले गुरे राखायला जात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! माँटेसरी बाईंची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली.

आमच्या बाईंनीही तेच केले आहे. कारवीच्या काड्या दहा-दहाच्या जुड्या बांधून ठेवल्या आहेत. सुट्ट्या काड्या एकक, जुडी दशक. वजाबाकीत 'हातचा' घ्यायचा म्हणजे काय, हे पोरगे स्वतः जुडी सोडून पाहते. कोपऱ्यात नागली मोजायची पायली आणि शेराची मापे. अर्धा आणि पाव शिकवायला बाईंनी खडू उचललाच नाही. मापे पुढे केली, आणि पाव शेर किती वेळा ओतला की शेर भरतो, ते पोरांनीच दाखवले. चार शेरांची पायली हे तर त्यांना घरूनच पाठ होते.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांवर १९८५ साली एक अभ्यास छापून आला. गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारला, तेव्हा मुलांची शंभरातली ९८ उत्तरे बरोबर. तशीच गणिते कागदावर आकडे मांडून दिली, तर बरोबर अवघी ३७! मुले फक्त पाच होती, म्हणून कुणी म्हणेल की एवढ्यावरून काय ठरते. पण २०१९ साली नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच निघाले. उलट, शाळेतच शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमेना. पायली आणि पाटी यांच्यामध्ये पूल नाही, तो शिक्षकाने बांधायचा असतो.

आणखी एक गोष्ट घरी बसल्या करता येण्याजोगी आहे, म्हणून आयांनी नीट वाचावी. तास संपला की बाई पुस्तके मिटायला लावतात आणि 'आज काय शिकलो' ते एकेकाला सांगायला लावतात. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दाखवले की, धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवणारेच पुढे असतात. तेव्हा चुलीपाशी बसलेली, स्वतः न शिकलेली आईसुद्धा मुलाला विचारू शकते, "आज काय शिकवलं रे, मला सांग बघू." नुसते विचारायचे आणि ऐकायचे. त्याला क्लासची फी पडत नाही.

पण त्या दिवशी पटावरची बरीच नावे जागेवर नव्हती. भात-नागली खळ्यावर आली की कुटुंबेच्या कुटुंबे बोचकी बांधून भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. १९९० नंतरच्या काळात विधायक संसदेने भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालवल्या, त्या याच मुलांसाठी. बाईंच्या वहीतले शब्द ज्यांनी दिले, त्यांतली काही पोरे आज तुमच्या-आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर विटा थापत असतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही प्रवेश द्यावा लागतो. दाखला आला नाही किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून परत पाठवता येत नाही. गाव सोडताना शाळेकडून 'शिक्षण हमी कार्ड' मिळते, ते भट्टीजवळच्या शाळेत दाखवायचे. कार्ड नसेल तरी मुलाला घेऊन जायला हरकत नाही. आईबाप दिवसभर चिखलात असतात, त्यांना मुख्याध्यापकांसमोर उभे राहायचा धीर होत नाही. जवळ भट्टी असेल त्यांनी एका रविवारी तिकडे फेरी मारावी आणि सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत जावे.