कोपऱ्यातलं नाव

कामठीत रोज सगळ्यात जास्त वाजणारं गाणं कोणतं? भीमगीत नाही, कव्वाली नाही, सिनेमातलंही नाही. कचरागाडीवरचं, घरातला कचरा बाहेर आणायला सांगणारं ते हिंदी गाणं. नीट बोलता न येणारं लेकरूही ते गुणगुणतं. आता सांगा, ते लिहिलं कोणी आणि गायलं कोणी? ओळखीच्या दहा-बारा जणांना विचारून पाहिलं. एकालाही सांगता आलं नाही. दोघं म्हणाले, "सरकारनं."

ते श्याम बैरागी यांचं आहे. मध्य प्रदेशातल्या मंडल्याचे, पेशानं शिक्षक. शब्द त्यांचे, आवाजही त्यांचाच. मंडला म्हणजे काही परदेश नाही. आपल्याच जबलपूर रोडनं निघालं की सिवनीच्या पुढे.

हा प्रश्न डोक्यात शिरला तो जुन्या जपानी जाहिराती बघताना. हसू नका. जपानशी कामठीचं नातं आहेच. १९९९ ला ड्रॅगन पॅलेस उभं राहिलं, त्यामागे नोरिको ओगावा यांचं दान होतं, आणि ते नाव आपण विसरलो नाही, कारण संस्थेचंच नाव ओगावा सोसायटी आहे. तर यूट्यूबवर सापडलेली ती जाहिरात जेआर तोकाई या रेल्वे कंपनीची, १९८८ ची. नाताळाचे दिवस, स्टेशन, एकमेकांची वाट बघणारी तरुण मंडळी. मागे गाणं वाजतं तात्सुरो यामाशिता यांचं, 'ख्रिसमस ईव्ह'. लिहिलं त्यांनी, चाल त्यांची, गायलंही त्यांनीच. गंमत अशी, की गाण्यातला माणूस वाट बघतो आणि ती काही येत नाही. रेल्वेनं मात्र त्यावर भेटीगाठी दाखवल्या! गाणं आलं होतं १९८३ मध्ये. जाहिरातींनी उचललं आणि १९८९ च्या डिसेंबरात ते विक्रीत पहिल्या नंबरवर गेलं.

तिकडे ही जुनी रीत आहे. १९७८ मध्ये एइकिची याझावा यांचं गाणं शिसेइदोनं सौंदर्यप्रसाधनं विकायला घेतलं आणि ते देशभर गाजलं. काझुमासा ओदा यांचं १९८२ चं 'कोतोबा नि देकिनाई', म्हणजे 'शब्दांत सांगता येत नाही', पुढे एका विमा कंपनीच्या जाहिरातीत आलं. त्यात नट नाहीत, साध्या माणसांचे घरगुती फोटो आहेत. भाषा कळत नाही, तरी डोळे भरतात.

माझं लक्ष मात्र गेलं स्क्रीनच्या कोपऱ्याकडे. अशा बऱ्याच जपानी जाहिरातींत तिथे बारीक अक्षरात गाण्याचं नाव असतं, गायकाचं नाव असतं. एवढंच. दोन-चार सेकंद. यात काही परोपकार नाही, धंदाच आहे. कंपनीला गाणं मिळतं, गायकाची रेकॉर्ड विकली जाते. वाजल्याचे पैसे गोळा करून गीतकार-संगीतकाराला पोचवणारी जासराक ही संस्था तिथे १९३९ पासून आहे. पण नाव दिसल्याशिवाय माणूस दुकानात जाऊन मागणार काय?

आता आपल्याकडे या. त्याच १९८८ मध्ये, १५ ऑगस्टला, दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं. भीमसेन जोशी सगळ्यांना आठवतात. चाल अशोक पत्कींची, शब्द पीयूष पांडे यांचे, हे किती जणांना आठवतं? मराठी माणसालाही पत्की कळले ते बरंच नंतर, 'आभाळमाया'च्या शीर्षकगीतामुळे. विको तर आपल्या नागपूरशी नातं असलेल्या पेंढरकरांची कंपनी. तिची जाहिरात चाळिशीपुढचा कोणीही झोपेत म्हणेल. ती बांधली कोणी, विचारा कामठीच्या बसस्टँडवर.

कायदा नाही असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क विकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं सिनेमाची गाणी थिएटरबाहेर वाजली तर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला हडपता येणार नाही असं केलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. पण हे सगळं मुंबईच्या लोकांपुरतं. आपल्या गल्लीतल्या गायकाला कलम कोण सांगणार?

आणि आपल्याकडे गायक कमी आहेत काय? स्वतः लिहिणारे, स्वतः चाल लावणारे, स्वतः गाणारे. त्यांच्या ओळखीच्या चालीवर साड्यांच्या सेलचा ऑटो फिरतो, निवडणुकीत उमेदवाराचा भोंगा फिरतो. माझ्या ओळखीतल्या एकाला एका उमेदवारानं रात्रीतून गाणं करून मागितलं. ठरलेल्यातले अर्धे पैसे दिले. गाणं पंधरा दिवस वाजलं, पुढच्या निवडणुकीत नाव बदलून दुसऱ्यानं वाजवलं. पोरगा म्हणतो, "भाऊ, पैसे गेले ते गेले. पण माझ्याच मोहल्ल्यात लोक विचारतात, हे गाणं कुठून आणलं?"

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) हे तर आपले सगळ्यात मोठे, लिहून गाणारे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर त्यांची गाणी असतात आणि पोट्टे नाचतात ते गाणाऱ्याचं नाव घेऊन, फार तर डीजेचं. 'जय भीम' हा शब्द ज्यांनी रुजवला ते बाबू हरदास एल. एन. याच कामठीचे. बाहेर गेल्यावर ते आपल्याला दरवेळी सांगावं लागतं. मग आपण तरी दुसऱ्याचं नाव काहून गाळायचं?

नगर परिषदेला मागणं छोटं आहे. कचरागाडीवर पाठीमागे स्वच्छतेची घोषणा रंगवता, नेत्यांचे फोटो लावता. त्याखाली एक ओळ: गीत व गायन, श्याम बैरागी. आणि उमेदवारांनो, पुढच्या वेळी भोंग्यावर गाणं संपलं की "गायक अमुक, राहणार कामठी" एवढं बोलायला पाच सेकंदही लागत नाहीत. बयाणा मात्र आधी द्या.