मान उचला

पोळा झाला की आमच्या वॉर्डात ॲट्रोपिनच्या पेट्या जास्तीच्या मागवून ठेवत. मी अकोल्यात बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात नर्स होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, वारा पडलेला, ढगाळ उकाडा आणि पाठीवर फवारणीचा पंप, असे ते दिवस. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठूनही पेशंट यायचा. बहुतेक वेळा मोटरसायकलवर दोघांच्या मधे धरून आणलेला.

घामानं चिंब, तोंडातून लाळ, छातीत घरघर, दंडाचे स्नायू आपोआप फडफडताहेत. डोळ्यांच्या बाहुल्या म्हणजे नुसते ठिपके. "सिस्टर, सकायपासून फवारत होता, चक्कर येते म्हने," सोबतचा सांगायचा. ऊन लागलं समजून त्याला घरी लिंबूपाणी पाजलेलं असायचं.

आपल्या मज्जातंतूंच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. स्नायूला आखडायला, लाळग्रंथीला पाझरायला आणि हृदयाला हळू चालायला तेच सांगतं. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची नस उत्तेजित केली आणि त्यातला द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

निरोप पोचल्याबरोबर एक विकर हे रसायन तोडून टाकतं. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास काम संपतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची औषधं नेमकं हे विकर निकामी करतात, अळीतलं आणि माणसातलंही. मग लाळ थांबत नाही, फुप्फुसं पाण्यानं भरतात. माणूस घुसमटतो तो स्वतःच्याच शरीराच्या न संपणाऱ्या निरोपानं.

ॲट्रोपिन त्या निरोपाची वाट अडवतं. दर काही मिनिटांनी डोस, आणि प्रत्येक डोसनंतर नाडी, छाती. बाहुल्या मोठ्या झाल्या की जिंकलो असं नव्या मुलींना वाटे. खरी खूण म्हणजे छाती कोरडी होणं. डोस जरा जास्त झाला की पेशंट बरळायचा आणि पडल्या पडल्या हवेत बोटं चालवायचा, कापूस वेचावा तशी. बाया घाबरून रडायच्या. (धुऱ्यावरच्या धोतऱ्यातही याच जातीचं द्रव्य असतं. पण म्हणून कुणी घरी धोतरा वाटून पाजू नका!)

पण ॲट्रोपिन स्नायूंपर्यंतचा निरोप अडवत नाही. पेशंट शुद्धीवर येतो, चहा मागतो, नातेवाईक सुट्टी मागतात, आणि एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे नीट मांडलं. म्हणून मी प्रत्येक राउंडला म्हणायची, "भाऊ, उशीवरून मान उचला बरं." नाही उचलता आली की लगेच डॉक्टरांना बोलावणं आणि व्हेंटिलेटरची तयारी.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं २० हून अधिक माणसं गेली. मग सरकारनं अकोला, अमरावतीसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री ६० दिवस थांबवली. मोनोक्रोटोफॉसवर केंद्राची बंदी आली ती २०२३ मध्ये. फार उशिरा.

ही औषधं कातडीतूनही आत जातात. म्हणून कुणाला चक्कर आली तर आधी कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, लिंबूपाण्यात वेळ घालवू नका, आणि दवाखान्यात येताना औषधाची बाटली सोबत आणा.